भिंतीच्या अलीकडे कलिया, पलीकडे नान

औरंगाबादहून परत आल्यावर आमच्या देवगडच्या शेजारणींनी पहिला प्रश्न विचारला, "अजिंठा पाहिलात?" पाहिला. वेरूळही पाहिलं. त्याबद्दल जाणत्या लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे, त्यात मी भर घालावी असं काही नाही. मला त्या प्रवासातलं राहून राहून आठवतं ते एक जेवण. ते आमच्याच मानासाठी घातलेलं होतं, आणि तरीही ते पंगतीत पोचावं म्हणून मला स्वतःला मटणाचं पातेलं मांडीवर घेऊन रिक्षातून शहरात हिंडावं लागलं.

आमची थोरली लेक सुलभा त्या शहरात दिली आहे. लग्न देवगडात झालं, त्यामुळे तिचं सासर आम्ही पाहिलेलं नव्हतं. नातवाचा पहिला वाढदिवस आला तसं व्याह्यांनी, माणिकरावांनी, बोलावणं धाडलं आणि आम्ही दोघं निघालो. एस्टीच्या त्या लांबलचक प्रवासाबद्दल एवढंच सांगते, की घाट चढून वर आल्यावर जो कोरडेपणा सुरू होतो त्याला आमचे डोळे शेवटपर्यंत सरावले नाहीत. ह्यांनी खिडकीतून दोन-तीनदा विचारलं, "इथे पाणी कुठे ठेवतात हे लोक?"

चितेगाव

माणिकराव मूळचे चितेगावचे. पैठणच्या रस्त्याला त्यांची जमीन आहे, नोकरी शहरातल्या सरकारी कचेरीत, आणि राहतं घर औरंगपुऱ्याच्या मागच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला शेतावर नेलं. एका बाजूला ज्वारी उभी, दुसऱ्या बाजूला कारखान्याची धुराडी. बांधावर बसून आम्ही भाकरी, पिठलं आणि ठेचा खाल्ला. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना "घ्या थोडं" म्हणतात. इथे विचारतच नाहीत. विहीणबाई शकुंतलाबाई मागून येऊन ह्यांच्या ताटात भाकरी टाकायच्या आणि ह्यांनी मागे वळून पाहीपर्यंत पलीकडे निघून जायच्या. हे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, ताटात टाकू नये या मताचे. बिचाऱ्यांनी सगळं संपवलं आणि संध्याकाळी लिंबूपाणी मागून घेतलं.

परतताना जीपमध्ये माणिकराव म्हणाले, "उद्या संध्याकाळी तुमच्यासाठी मेजवानी ठेवलीय. घरी नाय. मुदपाकखान्यात."

मला वाटलं एखाद्या हॉटेलचं नाव असेल. पण तो खरोखरचा मुदपाकखाना होता. निजामाच्या काळात एका बड्या जहागीरदाराचं स्वयंपाकघर. शिकारीला आलेले पाहुणे, लग्नं, ईद, सगळ्यांचं अन्न तिथे शिजायचं. पोलीस ॲक्शननंतर जहागीरदाराचं कुटुंब हैदराबादला निघून गेलं. वाड्याचं पुढे बरंच काही झालं, पण मागचा मुदपाकखाना तेवढा त्यांच्या खानसाम्याकडे राहिला. त्या खानसाम्याचे दोन मुलगे, हबीबभाई आणि मुनीरभाई. शहरात नान-कलिया म्हटलं की यांचंच नाव निघतं. कलिया म्हणजे तांब्याच्या देगेत शिजवलेलं मटण, वर लाल तर्री. नान म्हणजे तंदूरमध्ये भाजून हळद-गुळाच्या पाण्यानं पिवळी चकचकीत केलेली जाड रोटी. हबीबभाई कलिया करतात, मुनीरभाई नान.

"फकस्त एक अडचण हाय," माणिकराव म्हणाले. "दोघं बोलत नायत."

"कधीपासून?"

"बाप गेल्यापासनं. मधोमध भिंत घातलीय."

भांडण कशावरून झालं हे मी पुढे निरनिराळ्या लोकांना विचारून पाहिलं. कोणाच्या उत्तरात सरपण होतं, कोणाच्या उत्तरात एक बोकड होता, आणि कोणाच्या उत्तरात कुणाचं तरी लग्न. एवढं मात्र खरं, की शहराचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. लग्नघरची माणसं एका गल्लीतून कलिया उचलायची, दुसऱ्या गल्लीतून नान उचलायची, आणि दोन्हींची गाठ मांडवात पडायची.

माणिकराव शिकायला शहरात आले तेव्हा वर्षभर याच घरात जेवले होते. त्या म्हाताऱ्या खानसाम्यानं त्यांना पोरासारखं वाढलं. त्यामुळे ही भिंत त्यांच्या फार जिवाला लागली होती. ते म्हणाले, "आता आम्ही तिघं बी साठीला आलो, विहीणबाई. उद्या एकाचा जनाजा निघाला तर दुसरा खांदा द्यायला कोणत्या दारानं येणार, सांगा."

म्हणून त्यांनी बेत केला होता. हबीबभाईंना सांगितलं, मुनीर तयार आहे. मुनीरभाईंना सांगितलं, हबीब तयार आहे. निम्मे पाहुणे एका बाजूला बसवायचे, निम्मे दुसऱ्या बाजूला. मधल्या भिंतीत एक दार होतं, त्यातून नान इकडे येतील, कलिया तिकडे जाईल.

"आणि नाही उघडलं तर?" ह्यांनी विचारलं.

"पाव्हणे पंगतीला बसले की उघडावंच लागतंय. लाज म्हणून काय हाय का नाय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत इन्स्पेक्टर यायच्या दिवशी हे जसे पाहायचे तसं.

मुदपाकखाना

दुसऱ्या दिवशी मावळतीला आम्ही निघालो. माणिकराव आणि मी हबीबभाईंच्या बाजूला, हे आणि शकुंतलाबाई मुनीरभाईंच्या. सुलभा बाळाला घेऊन घरी थांबली. दोन्ही बाजूंची दारं दोन वेगळ्या गल्ल्यांत उघडत होती, आणि मधे एक सलग घरांची रांग. गल्लीच्या तोंडाशी आम्ही एकमेकांचा निरोप घेतला तेव्हा शकुंतलाबाई मला म्हणाल्या, "बरं, आत भेटू."

आत शिरल्यावर मी क्षणभर जेवण विसरले. काजळीनं काळी झालेली उंच कमान, तिच्याखाली माणूस उभा राहील एवढी चूल, भिंतीला टांगलेली झाकणं बैलगाडीच्या चाकाएवढी. पण दुसरी कमान मधल्या भिंतीनं बरोबर अर्ध्यात कापलेली. अर्धी कमान आमच्याकडे होती, उरलेली अर्धी ह्यांच्याकडे. त्या भिंतीत मध्यावर लाकडी दार होतं, बंद.

हबीबभाई उंच, पांढऱ्या दाढीचे, बोलायला फार गोड. "आओ, बैठो. आपलंच घर समजा," म्हणत त्यांनी मला अगदी मध्यभागी बसवलं. जमिनीवर लांब दस्तरखान अंथरलेलं, दोन्ही बाजूंना माणिकरावांचे भाऊबंद, कचेरीतले लोक, त्यांचे साहेबसुद्धा. हबीबभाईंनी देगेचं झाकण उचललं आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मी कोकणातली बाई, मसाल्याचा वास मला नवा नाही. पण हा वास वेगळा होता. तो नाकात शिरला नाही, येऊन शेजारी बसला.

प्रत्येकाच्या पुढ्यात वाडगा आला. कलिया वाढला गेला. मग हबीबभाई हात बांधून दाराकडे तोंड करून उभे राहिले.

आम्हीही दाराकडे पाहू लागलो.

बराच वेळ काही झालं नाही. पलीकडून माणसांचा आवाज येत होता, भांड्यांचा येत होता. ह्यांचा खोकला मी ओळखला. वाडग्यातली तर्री हळूहळू कडेला थिजायला लागली. माणिकरावांच्या कपाळावर घाम आला. शेवटी मी उठले, दारापाशी गेले आणि वाकून पाहिलं.

"हबीबभाई, कडी तर काढलेली आहे."

"सुबहाच निकाल्या मैं," ते म्हणाले.

"मग?"

"मग क्या. दार हमारे तरफ खुलता. ढकलायचं काम त्यांचं."

मी फटीला तोंड लावलं. "अहो."

पलीकडून थोड्या वेळानं आवाज आला, "काय गं?"

"तिकडची कडी लावलेली आहे का बघा."

"नाही. मुनीरभाई म्हणतात सकाळपासून काढून ठेवलीय."

"मग ढकलत का नाहीत?"

पलीकडे काही बोलणं झालं. मग हे म्हणाले, "ते म्हणतात, दार त्यांच्याकडे उघडतं ना, मग ओढायचं काम त्यांचं. मी ढकलू का?"

"नक्को," हबीबभाई म्हणाले. त्याच क्षणी पलीकडूनही तोच शब्द, त्याच सुरात आला. इतका सारखा, की मला वाटलं आवाज भिंतीवर आपटून परत आला.

मी हबीबभाईंना म्हटलं, "अहो, आम्ही उघडलं तर काय बिघडेल?"

त्यांनी मला शांतपणे समजावलं. "मेहमान दरवाजा खोले तो वो मेहमान के वास्ते खुल्या. उद्या बंद करायला पण तुम्हालाच यावं लागंल, देवगडाहून."

मी जागेवर येऊन बसले.

आता खरी पंचाईत झाली. कचेरीतल्या एकानं चमचा मागितला. हबीबभाईंनी देगेवर झाकण ठेवलं. दुसरा म्हणाला, कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणू. तेव्हा हबीबभाई त्या झाकणावर बसले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. माणिकराव मला हळूच म्हणाले, "विहीणबाई, माझं चुकलं. मी दोघांना बी तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाय." एवढा मोठा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. जेवण फसल्याचं मला विशेष वाटलं नव्हतं, पण ते पाणी पाहून मात्र वाटलं की काहीतरी करायला हवं.

मी उठून हबीबभाईंपुढे गेले. "दाराला आम्ही हात लावत नाही. पण मी रिक्षानं पलीकडे जाऊन नान घेऊन आले तर?"

ते विचारात पडले. यात कोणी ढकलत नव्हतं आणि कोणी ओढत नव्हतं. "हौ," ते म्हणाले. "पण खाली हात कायकू जाते? उधर के लोगां सुकी रोटी खा रहे होंगे." आणि त्यांनी स्वतः एका मोठ्या पातेल्यात कलिया भरला, कडेनं कणीक लावून झाकण बसवलं आणि ते फडक्यात बांधून दिलं.

औरंगपुऱ्यातून

बाहेर एक रिक्षा उभी होती. रिक्षावाला हर्सूलचा, नाव कचरू, भरघोस मिशांचा, चाळिशीतला. मी त्याला मागची गल्ली सांगितली.

"मावशी, ती तर ह्या भिंतीच्या मागं हाय."

"माहीत आहे. तिकडेच जायचंय."

"पाइपासाठी रस्ता खोदलाय. औरंगपुऱ्यातनं फिरून जावं लागंल."

"फिरून जाऊ."

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, आणि रिक्षा सुरू केली. पातेलं इतकं तापलेलं, की मी पदराच्या घड्या घालून मांडीवर ठेवल्या तरी चटका बसतच होता. औरंगपुऱ्यात संध्याकाळची गर्दी. कापडाची दुकानं, मोटरसायकली, हातगाड्या. मी, मागच्या पिढीत कोणी रत्नागिरीच्या पुढे न गेलेल्या घरातली बाई, एका जहागीरदाराच्या स्वयंपाकघरातलं मटण घेऊन त्यातून चालले होते. खड्डा आला की मी पातेल्याला "सांभाळ" म्हणत होते, रिक्षावाल्याला नाही.

एका अरुंद गल्लीत समोरून दुसरी रिक्षा आली आणि दोन्ही तोंडाला तोंड लावून थांबल्या. मागे हातगाड्या. कोणाला मागे जाता येईना. समोरच्या रिक्षात पाहते तर हे. मांडीवर लाल कापड झाकलेली भली मोठी टोपली, तिच्यावर हनुवटी टेकलेली.

"तू कुठे निघालीस?"

"तुमच्याकडे. तुम्ही?"

"तुझ्याकडे. मुनीरभाई म्हणाले, तिकडचे लोक नुसता रस्सा पीत असतील."

दोन्ही रिक्षावाले आमच्याकडे पाहत राहिले. कचरूनं विचारलं, "मावशी, हे कोण?"

"माझे मालक."

"मग वेगवेगळ्या रिक्षात कशापायी?"

ते त्या गल्लीत समजावून सांगणं शक्य नव्हतं. आम्ही खाली उतरलो आणि अदलाबदल केली. पातेलं ह्यांनी घेतलं, टोपली मी घेतली. घेताना ह्यांचा हात भाजला, झाकणाची कणीक सुटली आणि कलियाची एक धार ह्यांच्या पांढऱ्या पँटीवर गेली. तो पिवळा-लाल डाग आजही त्या पँटीवर आहे. मग मागच्या हातगाड्या हलल्या आणि आम्ही आलो तसे उलटे फिरलो.

माझ्या टोपलीचं हबीबभाईंच्या बाजूला असं स्वागत झालं की काय सांगू. पण नान म्हणजे सगळ्या पंगतीला एकेक, तेही जेमतेम. पलीकडेही पातेल्यातला कलिया दोन-दोन घासांत संपला असणार. भूक चाळवलेल्या माणसांना मधेच थांबवणं हे उपाशी ठेवण्यापेक्षा वाईट. हबीबभाईंनी दुसरं पातेलं भरलं. मी पुन्हा रिक्षात बसले. कचरू आता काही विचारत नव्हता.

या वेळी मी थेट मुनीरभाईंकडे पोचले. पातेलं जड म्हणून कचरूच ते उचलून आत घेऊन आला. हे तंदूरच्या उबेला भिंतीला टेकून बसले होते. मी काही म्हणायच्या आत म्हणाले, "मी आता परत जाणार नाही. मला भूक लागलीय." शकुंतलाबाई त्यांना वारा घालत होत्या. मुनीरभाई बुटके, भावाच्या उलट अगदी कमी बोलणारे. त्यांनी पातेल्याचं झाकण काढलं, नुसताच वास घेतला, आणि पाठ वळवून दुसऱ्या टोपलीत नान रचायला लागले. बराच वेळ रचत राहिले.

टोपली भरली तशी कचरूनं ती डोक्यावर घेतली आणि समोरच्या दाराकडे पाहिलं.

"मावशी, हे दार कुठं निघतं?"

"पलीकडे. हबीबभाईंच्या खोलीत."

"म्हंजे आत्ता आपण जिथनं आलो तिथं?"

"हो."

"कुलूप हाय?"

"नाही."

तो दाराकडे चालायला लागला. मुनीरभाई म्हणाले, "ओ भाई, वो दार नक्को. मेहमान लोगां—"

"मी पाव्हणा नाय," कचरू म्हणाला. "मी भाड्याचा माणूस. मला हर्सूलला घरी जायचंय." आणि त्यानं खांदा लावला.

दार थोडं सरकलं आणि फरशीला घासून अडकलं. इतकी वर्षं बंद राहून लाकूड फुगलं होतं. कचरूनं पुन्हा जोर केला. टोपली कलंडायला लागली. तेवढ्यात पलीकडून कुणाच्या तरी बोटांनी दाराची कड धरली आणि ओढली. दार करकरत उघडलं. ती बोटं कोणाची होती हे टोपलीमुळे मला दिसलं नाही. माणिकराव मात्र शपथेवर सांगतात की त्यांची नव्हती.

कचरू मधोमध उभा राहून म्हणाला, "ठेवू कुठं?"

हबीबभाईंनी त्यांच्या दस्तरखानाकडे बोट केलं. मुनीरभाईंनीही तिकडेच केलं.

मग दोन्ही पंगती मोडून एक झाली. माणसं वाडगे घेऊन इकडून तिकडे गेली, साहेब शकुंतलाबाईंच्या शेजारी बसले, कचरूलाही हाताला धरून बसवलं. त्यानं घरी जायचं नाव पुन्हा काढलं नाही. नान तोडून तर्रीत बुडवला की तो आधी तर्री पितो, मग मऊ होतो, आणि तोंडात त्याच्या गोडसरपणामागून तिखट येतं. हे सगळं एवढ्या उशिरा कळल्याबद्दल मला जरा वाईटच वाटलं. दोघं भाऊ वाढत होते. एकाच ओळीतून जाताना एक जण थांबून दुसऱ्याला वाट द्यायचा, पण तोंडातून शब्द नाही.

सगळ्यांचं झाल्यावर माणिकरावांनी दोघांनाही जेवायला बसवलं. मधे मला बसवलं. का, ते मला लवकरच कळलं.

"बाई," मुनीरभाई माझ्याकडे पाहत म्हणाले, "इनको पूछो, और एक नान होना क्या."

मी डावीकडे वळले. "हबीबभाई, आणखी एक नान घेणार का?"

"बोलो, आधा," हबीबभाई मला म्हणाले.

"अर्धा," मी उजवीकडे सांगितलं. अर्धा नान माझ्या हातातून पलीकडे गेला.

"इनको पूछो, शक्कर की बीमारी कैसी है अब."

मी विचारलं. "बोलो, अच्छी है. दवा चालू है." मी सांगितलं. हे दोघं एकमेकांना स्वच्छ ऐकत होते, एकच भाषा बोलत होते, आणि मी कोकणातली बाई ते इकडून तिकडे पोचवत होते, कुठे कुठे चुकतही होते. एकदा मी "घुटने" ऐकून "डोकं" सांगितलं, तेव्हा उजवीकडून उत्तर यायला वेळ लागला. मग आईच्या कबरीजवळच्या लिंबाच्या झाडाचं विचारलं गेलं. मग कोणा फातिमाच्या दुसऱ्या मुलाचं. माझा घास हातातच राहिला होता.

शेवटी मी म्हटलं, "मी जरा हात धुऊन येते." दोघांनीही मान हलवली.

मोरी मागच्या अंगणात होती. गार पाणी, त्या मुलखात ते किती मोलाचं हे आता मला कळत होतं, म्हणून जपून वापरलं. तर्रीचा रंग बोटांवरून निघाला नाही. परत आले तर माझी जागा रिकामी होती. मुनीरभाई तिच्यावर थोडे सरकले होते. हबीबभाई त्यांच्याकडे तोंड करून काहीतरी सांगत होते, हळू आवाजात, आणि मुनीरभाई नान तोडता तोडता थांबले होते.

माणिकरावांनी मला दारातून पाहिलं आणि हातानंच खूण केली, थांबा. मी ओले हात तसेच धरून कापलेल्या कमानीखाली उभी राहिले.